वणवा विझतो, धूर छातीत राहतो

आमच्या नात्यातल्या एक आजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलकाठच्या खेड्यात राहतात. वय सत्तरीच्या पुढे. मार्चअखेरीस एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही त्यांच्याकडे दोन दिवस मुक्कामाला होतो. रात्री दूरच्या टेकडीवर आगीची लाल रेघ दिसत होती. पहाटे उठून पाहतो तो सगळे गाव धुरात बुडालेले. समोरच्या विहारावरचा पंचशील ध्वजही धड दिसेना. आजी ओसरीवर बसून खोकत होत्या. खोकता खोकता धाप लागत होती आणि बोलताना वाक्य अर्ध्यावर तुटत होते.

"आजी, दवाखान्यात जाऊ," आम्ही म्हणालो.

"धूर तं दरसालचाच आहे बापू. मोहफुलं वेचाची तं पाला जाळाच लागते. अन् लाकडाचाच धूर आहे, कारखान्याचा थोडाच आहे? जनम चुलीपुढंच गेला आमचा." एवढे बोलायला त्यांना चार वेळा थांबावे लागले. मग त्यांनी पदर ओला करून नाकाला लावला आणि पुन्हा खोकू लागल्या.

शेवटी ऑटोत घालून त्यांना तालुक्याच्या गावी नेले. तिथे ऑक्सिजन लावला, मशीनने औषधाची वाफ दिली, तेव्हा कुठे दुपारी श्वास जागेवर आला. डॉक्टरांनी विचारले, "पंप दिलेला नाही का?" दिलेला होता. घरी पेटीत तळाशी होता. पंपाची सवय लागते असे कोणीतरी सांगितल्यामुळे आजींनी वर्षभर त्याला हात लावला नव्हता.

घरी परतताना आमच्या मनात आले की, आजींचे तीन समज आपल्या कितीतरी घरांत आहेत. लाकडाचा धूर अपाय करत नाही, ओला पदर किंवा रुमाल धूर अडवतो, आणि पंपाची सवय लागते. तिन्ही चुकीचे आहेत आणि तिन्ही जिवावर बेतू शकतात. म्हणून या वेळी वणव्याच्या धुराविषयी सविस्तर बोलू या.

पहिला समज घेऊ. लाकूड, पाला, गवत जळते तेव्हा जो धूर निघतो त्यात कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू असतात. डोळे चुरचुरणारी, घसा खवखवणारी रसायने असतात. बेंझिनसारखे कर्करोगाला कारण होणारे पदार्थही असतात. पण सर्वात घातक असतात ते अतिसूक्ष्म कण. त्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर एका केसाच्या जाडीत असे पंचवीसहून अधिक कण एका ओळीत बसतील. नाकातले केस आणि घशातला ओलावा मोठी धूळ अडवतात. हे कण त्यांना चुकवून फुप्फुसाच्या अगदी टोकाशी असलेल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. त्यातले सर्वात बारीक कण तिथून रक्तातही उतरतात.

कण आत गेले की शरीर त्यांच्याशी झुंजू लागते. श्वासनलिकांना सूज येते, कफ वाढतो, नळ्या आकसतात. दम्याच्या माणसाच्या छातीत शिट्टी वाजू लागते. रक्तावर आणि रक्तवाहिन्यांवर ताण येतो, म्हणून धुराच्या दिवसांत हृदयविकाराचे झटकेही वाढतात. धूर म्हणजे खोकला, एवढेच समीकरण आपल्या डोक्यात असते. ते अपुरे आहे.

आता लाकडाचा धूर कारखान्याच्या धुराहून बरा असतो का? कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागातल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हवेतले सूक्ष्म कण तेवढ्याच प्रमाणात वाढले, तरी वणव्याच्या कणांनी श्वासाच्या आजारासाठी रुग्णालयात भरती होणाऱ्यांची संख्या इतर ठिकाणच्या कणांपेक्षा जास्त वाढवली, असे त्यात आढळले. झाडाचा धूर नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, हा समज त्यामुळे टिकत नाही.

धुराचे आणखी एक लक्षण असे की तो आगीपाशी थांबत नाही. २०१५ साली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियात सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर जंगले आणि दलदलीची जमीन जळत होती. पामतेल आणि कागदाच्या लगद्यासाठी मळे करायचे म्हणून दलदलीतले पाणी काढून टाकलेले होते आणि जमीन साफ करायला आग लावली जात होती. ती आग जमिनीच्या आत आठवडेच्या आठवडे धुमसत राहिली. धूर समुद्र ओलांडून सिंगापूर आणि मलेशियात गेला, तिथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. इंडोनेशियात पाच लाखांच्या आसपास लोकांना श्वासाच्या तीव्र विकाराने गाठल्याची नोंद झाली. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हिशेब करून सांगितले की, त्या धुरामुळे तिन्ही देशांत मिळून सुमारे एक लाख माणसे वेळेआधी गेली असावीत. सरकारांनी हा आकडा मान्य केला नाही.

हा वाद का होतो, हे आपण समजून घेतले पाहिजे. आगीत होरपळून गेलेला माणूस मोजता येतो. धुराने गेलेल्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर धूर असा शब्द कधीच लिहिला जात नाही. तिथे दमा, न्यूमोनिया किंवा हृदयविकार असे लिहिलेले असते. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यात मोठे वणवे लागले, त्यात ३३ माणसे प्रत्यक्ष आगीमुळे गेली. तिथल्या संशोधकांनी त्याच काळातल्या धुराचा हिशेब केला, तेव्हा पूर्व भागात नेहमीपेक्षा ४१७ मृत्यू अधिक झाले असा अंदाज निघाला. श्वासाच्या आजाराने रुग्णालयात भरती झालेले २०२७, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने ११२४, आणि दम्यासाठी तातडीच्या विभागात धावावे लागलेले १३०५. आग बातमीत येते, धूर बातमीत येत नाही. पण धुराचे बळी आगीच्या कित्येक पट असतात.

आणि हा धूर सर्वांना सारखा लागत नाही. तान्ही मुले आणि लहान पोरे वजनाच्या मानाने जास्त हवा घेतात, त्यांची फुप्फुसे अजून वाढत असतात. गरोदर बाईच्या श्वासातला धूर पोटातल्या बाळालाही बाधतो. म्हातारी माणसे, दम्याचे आणि हृदयाचे रुग्ण, टीबीतून उठलेली माणसे, यांची छाती आधीच कमजोर असते. पण आमच्या मते आणखी एक यादी केली पाहिजे, ती कामाची. चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळसा खाणीत ज्याची उमर गेली, भंडारा-गोंदियाकडे विडीच्या सुपापुढे जिचा जन्म गेला, जिनिंगमध्ये सरकीचा कचरा ज्याने नाकात घेतला, त्यांच्या फुप्फुसांनी पहिल्यापासून मार खाल्लेला असतो. वणव्याचा धूर तिथे नव्याने येऊन बसतो.

शिवाय, बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. कुदळ-फावडे चालवणारा, डोक्यावर पाटी वाहणारा त्याच्या कित्येक पट घेतो. म्हणजे त्याच गावात, त्याच धुरात, बंगल्यात बसलेल्यापेक्षा रोजगार हमीच्या कामावरची बाई जास्त धूर पिते. "धुरात घराबाहेर पडू नका" हा सल्ला पुस्तकात ठीक आहे. पण ज्याचा रोजच त्या दिवसाच्या कामावर, त्याने काय करावे? आमचे सगळे बोलणे या प्रश्नाशी येऊन थांबते.

याचे थोडेफार उत्तर आम्हाला एका आदिवासी वस्तीच्या अनुभवात सापडते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला हूपा नावाच्या आदिवासींची राखीव भूमी आहे. डोंगरांमधली खोलगट दरी. १९९९च्या ऑगस्टमध्ये वीज पडून जवळच्या जंगलात आगी लागल्या आणि पुढे कित्येक आठवडे त्या दरीत धूर कोंडून राहिला. १९९८ साली त्या काळात श्वासाच्या तक्रारी घेऊन तिथल्या दवाखान्यात ४१७ वेळा लोक आले होते. १९९९ साली ते ६३४ वेळा आले. म्हणजे दीडपटीहून अधिक. नंतर २८९ लोकांना घरी जाऊन विचारले, तेव्हा त्यातल्या १८१ जणांनी छातीचा त्रास वाढल्याचे सांगितले.

त्या दिवसांत वस्तीसाठी चार गोष्टी केल्या गेल्या. मास्क वाटले, काहींना बाहेरगावी हॉटेलात राहायची सोय करून दिली, काही घरांत हवा गाळणारी यंत्रे दिली, आणि धुरात काय करावे याच्या सूचना लोकांपर्यंत पोहोचवल्या. नंतर कशाचा उपयोग झाला हे तपासले. हवा गाळणारी यंत्रे ज्यांनी जास्त काळ चालवली त्यांना त्रास कमी झाला. मास्क जास्त वेळ लावल्याचा किंवा काही दिवस बाहेरगावी राहिल्याचा फायदा त्या तपासणीत दिसला नाही. आणि ज्यांना त्या सूचना नीट आठवत होत्या, त्यांनाही त्रास कमी झाला होता. यंत्र महाग असते, सूचना फुकट असते. जी माणसे ऐकतात, लक्षात ठेवतात, ती कमी आजारी पडतात. माहिती हेसुद्धा औषध आहे, असे आम्ही उगाच म्हणत नाही.

म्हणून आता सूचना. या आपल्या घरात, आपल्या ऐपतीत बसतील अशाच आहेत.

पहिली गोष्ट रुमालाची. ओला असो वा कोरडा, साधा रुमाल, पदर, दुपट्टा किंवा गमछा हे सूक्ष्म कण अडवत नाही. मोठी राख अडवतो, म्हणून बरे वाटते आणि माणूस बेसावध होतो. एन-९५ नावाचा मास्क हे कण अडवू शकतो, पण तो नाका-गालांशी घट्ट बसला तरच. त्याच्या दोन्ही पट्ट्या डोक्यामागे घ्याव्यात, नाकावरची पट्टी दाबावी, श्वास सोडून कडेने हवा निसटते का पाहावे. दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर तो नीट बसत नाही. तो लावून काम करताना दम लागतो, म्हणून अधूनमधून धूर नसलेल्या जागी बसावे. लहान मुलांच्या चेहऱ्यावर मोठ्यांचा मास्क बसत नाही. मुलांना धुरापासून दूर ठेवणे हाच त्यांचा बचाव.

दुसरी गोष्ट घराची. रात्री आणि पहाटे हवा थंड असते, तेव्हा धूर जमिनीलगत, सखल भागात साचतो. ऊन चढले की बहुधा वर उठतो. म्हणून दाट धूर असताना एक खोली निवडावी, तिची खिडकी-दार लावावे, दाराखालच्या फटीत ओले फडके सारावे आणि आजारी, म्हातारी, लेकरे यांना तिथे ठेवावे. धूर कमी झाला की खोली उघडून हवा खेळू द्यावी. आपल्याकडे उन्हाळ्यात कुलर चालतो. तो बाहेरची हवा आत ओढतो आणि त्याच्या वाळ्याच्या किंवा गवताच्या टट्ट्या सूक्ष्म कण अडवत नाहीत. दाट धुरात तो बंद ठेवून पंखा लावावा. मात्र टिनाच्या छपराखाली, भर दुपारी बंद खोली भट्टी होते आणि उष्माघात धुराहून लवकर मारतो. अशा वेळी खोली बंद करण्याचा हट्ट धरू नये. घरात दम्याचे माणूस असेल तर त्याला चार दिवस शहरातल्या नातेवाइकांकडे पाठवावे. पाव्हणेरावळे अशाच वेळी कामाला येतात.

तिसरी गोष्ट घरातल्या धुराची. बाहेर धूर असताना आत आणखी धूर करू नये. शास्त्रज्ञांनी मोजले आहे की, डासांची एक कॉइल जळाली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी. विडी-सिगारेट घराबाहेरही नको. वंदनेला त्या दिवसांत अगरबत्ती न लावता फूल वाहिले तरी वंदना होते. आणि चूल. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून कितीतरी घरांत गॅस आला, पण भरलेले सिलिंडर परवडत नाही म्हणून सरपण पुन्हा पेटते, हे आम्ही जाणतो. निदान धुराच्या दिवसांपुरता गॅस राखून ठेवता आला तर ठेवावा. तेही शक्य नसेल तर चूल अंगणात मांडावी, कोरडे सरपण वापरावे आणि लेकरू कडेवर घेऊन चुलीपुढे बसू नये.

चौथी गोष्ट औषधाची. पंपाची सवय लागत नाही. गोळीतले औषध पोटातून सगळ्या अंगात फिरते, पंपातले थेट फुप्फुसात जाते, म्हणून ते कमी मात्रेत लागते. दम्यासाठी बहुधा एक पंप तत्काळ आरामासाठी असतो आणि एक रोज घ्यायचा असतो. बरे वाटले म्हणून रोजचा पंप मनाने बंद करू नये. वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधी, फेब्रुवारीतच डॉक्टरांना भेटावे, पंप संपत आला आहे का ते पाहावे आणि तो कसा ओढायचा हे त्यांच्यासमोर करून दाखवावे. पंप पेटीत नव्हे, उशाशी असावा.

पाचवी गोष्ट, दवाखाना केव्हा गाठावा. बसल्या जागी धाप लागत असेल, एका दमात वाक्य पुरे होत नसेल, ओठ किंवा नखे निळी पडत असतील, छातीत दुखून घाम फुटत असेल, किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर उजाडायची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. लहान मुलाच्या श्वासाकडे पोट-छाती उघडी करून पाहावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, किंवा शांत असताना श्वास फार जलद चालत असेल, तर ते लेकरू आजारी आहे. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या मुलात मिनिटाला ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद समजावे. गावातल्या आशाताईंना हे मोजता येते, आपणही शिकून घ्यावे.

आता उरला रोजीचा प्रश्न आणि आगीचा प्रश्न. रोजीच्या बाबतीत आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जंगलात आग विझवायला, जाळरेषा काढायला जे हंगामी मजूर जातात, ते आपलीच पोरे असतात. हातात झाडाची डहाळी आणि तोंडाला गमछा, एवढ्यावर त्यांना पाठवले जाऊ नये. चांगला मास्क, प्यायचे पाणी, पाळीपाळीने धुराबाहेर विश्रांती आणि हंगामाआधी छातीची तपासणी मागणे हा हक्क आहे, उपकार नव्हे. बांधकामावर, रोजगार हमीच्या कामावर दाट धुराच्या दिवशी कामाची वेळ बदलून घ्यावी, असे मजुरांनी एकत्र येऊन सांगावे. एकट्याचे कोणी ऐकत नाही, दहा जणांचे ऐकावे लागते.

आगीच्या बाबतीतही खरे बोलू या. आपल्या देशात बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. मोहाची फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावली जाते, कुठे जळती विडी फेकली जाते, कुठे सहलीला आलेल्यांची शेकोटी राहून जाते. मोह वेचणाऱ्या गरीब बाईला गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. तिच्या घरात ती फुले म्हणजे चार महिन्यांचे मीठ-मिरची असते. पण झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली, पाला खराट्याने बाजूला केला, तर फुले स्वच्छ मिळतात आणि आगीची गरज उरत नाही. जाळी वन खात्याने द्यावी म्हणून मागणी करता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपले सामूहिक जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली असा सामूहिक हक्क मिळवला. ग्रामसभा ठरवील तर "आमच्या शिवारात मोहाखाली आग नाही" हा ठराव एका बैठकीत होऊ शकतो.

हूपाच्या लोकांना सूचनांनी वाचवले, हे आम्ही वर सांगितले. आपल्या वस्तीत सूचना देण्याची जागा तयारच आहे. विहारात फळा आहे, पौर्णिमेला माणसे जमतात, महिला मंडळ आहे. मंडळाने फेब्रुवारीत घरोघर फिरून दम्याची, हृदयाची माणसे, गरोदर बायका आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची एक वही करावी. धूर आला की कोणी कोणाच्या दारात जायचे ते आधीच वाटून घ्यावे. वरच्या पाच गोष्टी मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहाव्यात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवाव्यात.

निघण्यापूर्वी आम्ही आजींचा पंप पेटीतून काढून उशाशी ठेवला आणि शाळेत जाणाऱ्या नातीला तो कसा द्यायचा ते शिकवले. परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, "आजी आता मलाच विचारते, पंपाची वेळ झाली का म्हणून." वाचक बंधु-भगिनींनो, हे पान कापून भिंतीवर लावा. आपल्या घरात असा एखादा पंप पेटीच्या तळाशी पडला असेल, तर तो आजच बाहेर काढा.